नव्या मालिकेत भूमिका मिळाली, पण मालिका किती चालेल? सोलापूरच्या कलावंतांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेत आणि एकांकिकांमध्ये काम करणाऱ्या सोलापूरच्या कलावंताला मुंबईच्या दैनंदिन मालिकेत भूमिका मिळते, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो नोकरीचा. शाळेतली, बँकेतली किंवा कारखान्यातली नोकरी सोडावी काय, आणि सोडली तर मालिका किती महिने तग धरेल? याचे पक्के उत्तर पहिल्या दिवशी वाहिनीजवळही नसते. परंतु वाहिनी कोणते आकडे पाहते, ते कधी पाहते आणि कशाशी ताडून पाहते हे माहीत असेल, तर बराच नेमका अंदाज बांधता येतो.

प्रथम भागांचा हिशेब समजून घ्यावा. दूरदर्शनच्या काळात मालिका 13, 26 किंवा 52 भागांसाठी मंजूर होत असे, कारण आठवड्याला एक भाग या गतीने 13 भागांत एक तिमाही संपते. मागणी वाढली की मुदतवाढ मिळे. 1987 साली सुरू झालेली ‘रामायण’ ही मालिका 52 भागांची ठरली होती, ती वाढत वाढत 78 भागांपर्यंत गेली. अमेरिकेतील मोठ्या वाहिन्यांची जुनी रीतही याच आकड्याभोवती फिरत असे : आधी एक नमुना भाग, तो पसंत पडल्यास 13 भागांची मागणी, आणि शरद ऋतूतील पहिल्या काही आठवड्यांचे आकडे बरे दिसले तर आणखी 9 भाग मिळून 22 भागांचे वर्ष. तेथे पुढच्या वर्षीचा निर्णय मे महिन्यात जाहिरातदारांसमोर होणाऱ्या सादरीकरणाच्या सुमारास लागतो.

मराठी दैनंदिन मालिकेला असे ‘वर्ष’ नसते. आठवड्याला सहा भाग धरले, तर जे 78 भाग ‘रामायण’ला दीड वर्ष पुरले ते येथे 13 आठवड्यांत संपतात. म्हणून ‘मालिका किती भागांची आहे’ हा प्रश्न निर्मात्याला विचारून फारसे हाती लागत नाही. उत्तर बहुधा ‘चालेल तितकी’ असे येते. त्याऐवजी असे विचारावे की पहिल्या टप्प्यात किती भागांना मंजुरी आहे, मालिका थांबवायची झाल्यास वाहिनी निर्मितीसंस्थेला किती दिवस आधी कळवते, आणि आपली व्यक्तिरेखा कथेच्या आराखड्यात कोठपर्यंत लिहिलेली आहे. मालिका दुसऱ्या भाषेतून आली आहे काय, हेही अवश्य विचारावे. ‘आई कुठे काय करते!’ ही मालिका ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर बेतलेली होती. अशा मालिकेची कथा एका प्रेक्षकवर्गासमोर आधीच तपासली गेलेली असल्यामुळे वाहिनी तिला थोडा अधिक वेळ देण्यास तयार असते, आणि मूळ मालिकेतील आपल्या पात्राचे पुढे काय होते हेही आपल्याला शोधून पाहता येते.

आता टीआरपीकडे, म्हणजे मालिकेच्या प्रेक्षकसंख्येच्या मानांकनाकडे, वळू. 2015 पासून देशातील प्रेक्षकमापनाचे काम बार्क इंडिया ही संस्था करते. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी एक खूण निवडक घरांतील मीटर टिपतो आणि घरातील प्रत्येक व्यक्ती आपण पाहत असल्याची नोंद स्वतंत्र बटण दाबून करते. अशी घरे देशभरात 50,000 हून अधिक आहेत. शनिवार ते शुक्रवार हा आठवडा मोजला जातो आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. मालिकेच्या सेटवर गुरुवारी दुपारनंतर वातावरण बदलते ते यामुळेच.

या आकड्याचे दोन भाग वेगळे करून पाहावेत, कारण निर्णय तेथेच होतो. किती लोक मालिकेवर आले हा पहिला भाग आणि आलेले लोक किती मिनिटे थांबले हा दुसरा. मानांकनात दर मिनिटाची सरासरी धरली जाते. म्हणजे अर्ध्या तासाच्या भागापैकी पंधरा मिनिटे पाहून निघून गेलेला प्रेक्षक अर्धाच मोजला जातो. पहिल्या दोन आठवड्यांत लोक येतात ते बहुतांशी प्रोमोमुळे आणि ओळखीच्या चेहऱ्यांमुळे, त्यामुळे त्या आकड्याने हुरळून जाऊ नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून थांबण्याचा वेळ वाढत असेल, तर लोक थोडे असले तरी मालिकेला आशा असते, कारण नवा प्रोमो किंवा एखादा तासाभराचा विशेष भाग देऊन लोक आणता येतात. उलट लोक भरपूर येऊन लवकर निघून जात असतील, तर दोष कथेत आहे असे वाहिनी मानते आणि लेखकाच्या बैठका वाढतात. माझ्या मते यापैकी दुसरी अवस्था नव्या कलावंतासाठी अधिक धोक्याची आहे, कारण कथा दुरुस्त करताना सर्वांत आधी हात घातला जातो तो दुय्यम पात्रांना.

तरीही चांगला आकडा म्हणजे नेमका किती, याचे एकच उत्तर नाही. नवी पेठेतल्या गाळ्याचा मालक जसा माल चांगला आहे की नाही यापेक्षा तोच गाळा दुसऱ्याला दिला असता तर काय मिळाले असते याचा विचार करतो, तसा वाहिनीचा विचार वेळेच्या गाळ्याभोवती, म्हणजे स्लॉटभोवती, फिरतो. त्या वेळेला आधीच्या मालिकेला काय मिळत होते, लगेच आधी लागणारी मालिका किती प्रेक्षक हाती देते, समोरच्या वाहिनीवर काय चालू आहे, या तीन गोष्टींशी ताडून नव्या मालिकेचा न्याय होतो. रात्री आठच्या स्लॉटमधील अपयश ठरणारा आकडा साडेदहाच्या स्लॉटमध्ये उत्तम ठरू शकतो. म्हणून करार करण्यापूर्वी प्रक्षेपणाची वेळ ठरली आहे काय हे विचारावे.

सोलापूरच्या माणसाने येथे एक सावधगिरी बाळगावी. मराठी वाहिन्या पाहतात तो आकडा संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा मिळून, शहरी आणि ग्रामीण असा एकत्रित असतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर लोकांनी आपल्याला ओळखले, सेल्फी काढले, याचा त्या आकड्याशी जवळजवळ काहीच संबंध नाही. शिवाय आपल्या शहरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड मालिका एकाच वेळी चालू असतात. तेव्हा शेजारी कोणीच पाहत नाही म्हणून मालिका पडली, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा ठरेल.

आकड्यांच्या मागे पैशाचे गणित असते. नियमानुसार तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती आणि वाहिनीचे स्वतःचे प्रोमो दाखवता येतात; म्हणजे अर्ध्या तासात 6 मिनिटे, दहा सेकंदांचे 36 तुकडे. विकायला जागा एवढीच असल्यामुळे दर वाढवणे हाच उत्पन्न वाढवण्याचा मार्ग उरतो, आणि दर टीआरपीवर ठरतो. भव्य सेट, ऐतिहासिक वेशभूषा, मोठा कलावंतसंच असलेली मालिका म्हणूनच बेताच्या आकड्यावर टिकत नाही, तर दोन घरे आणि एक अंगण यांत घडणारी मालिका त्याच आकड्यावर वर्षभर चालते. गणपती ते दिवाळी हा जाहिरातींचा भर हंगाम असतो. उन्हाळ्यात आयपीएलमुळे संध्याकाळचा प्रेक्षक विभागला जातो.

मालिका सुरू झाल्यावर सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे दुसऱ्या मालिकेचा प्रोमो. नव्या मालिकेची तारीख आणि वेळ जाहीर झाली आणि ती वेळ आपली असेल, तर आपली मालिका एक तर हलणार किंवा संपणार. दुपारी हलवणे म्हणजे लगेच अखेर नव्हे, पण पुढची पायरी ओळखून असावे : ‘आई कुठे काय करते!’ 2024 च्या मार्चमध्ये दुपारच्या वेळेत गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर संपली, तीही पाच वर्षांच्या यशस्वी वाटचालीनंतर. कथेत अचानक काही वर्षांची झेप घेणे ही दुहेरी खूण आहे. तिने मालिकेला नवे आयुष्य मिळू शकते, पण जुनी पात्रे गळतात. मालिकेतली भांडणे एकामागून एक मिटू लागली, तर निरोपाचे भाग लिहिले जात आहेत असे समजावे.

नोकरीबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे : राजीनामा देण्याआधी तीन-चार महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का ते पाहावे. मालिकांत मानधन साधारणपणे 90 दिवसांनी मिळते. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरच्या अखेरीस हाती येतात, आणि तोवर वाहिनीने पहिल्या तेरा आठवड्यांचे आकडे पाहिलेले असतात. म्हणजे पहिला धनादेश आणि मालिकेचा पहिला निवाडा जवळपास एकाच वेळी येतो. तोपर्यंतचा मुंबईतील मुक्काम, जेवण आणि प्रवास यांचा खर्च आपल्याजवळ असला पाहिजे. घर भाड्याने घेण्याची घाई करू नये. महिन्याला आठ-दहा दिवसांचेच काम असेल, तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणे-येणे आणि एखाद्या मित्राकडे उतरणे अधिक शहाणपणाचे.

करारात तीन ओळी शोधाव्यात : महिन्याला किमान किती दिवसांचे काम किंवा मानधन निश्चित आहे, मालिका चालू असताना दुसरीकडे काम करण्यास मनाई आहे काय, आणि मालिका बंद झाल्यावर ती मनाई किती दिवस लागू राहते. मनाई आहे पण किमान दिवस नाहीत, असा करार असेल तर सही करण्यापूर्वी एक तरी गोष्ट बदलून मागावी. प्रत्येक चित्रीकरणाच्या दिवसाची तारीख, पोहोचल्याची आणि सुटल्याची वेळ वहीत लिहून ठेवावी आणि कामाच्या वेळेचे निरोप मोबाइलमधून पुसू नयेत. मालिका बंद पडल्यावर सेटवरची मंडळी आठवड्याभरात दुसऱ्या कामाला लागतात आणि थकीत मानधनाचा हिशेब मांडताना याच नोंदी कामी येतात.