नेपाळी शेजाऱ्याची युद्धकाळातली हकिकत नोंदवायची, तर

आपल्याच सोसायटीच्या वॉचमनची मुलाखत घेऊ नका. ज्याचा पगार आपल्या मेंटेनन्समधून जातो, त्याला आपल्यापुढे 'नाही' म्हणता येत नाही. तो खुर्ची पुढे करेल, चहा सांगेल आणि जे सांगायचं नव्हतं तेही सांगून बसेल. दुसऱ्या भागातला माणूस शोधा, तोही कुणाच्या तरी ओळखीनं. आणि आधी त्याचं नाव विचारा. नाशिकमधल्या प्रत्येक नेपाळी माणसाचं नाव 'बहादूर' नसतं.

माझ्या ओळखी शाळेमुळे झाल्या. पाथर्डी फाटा, अंबड या बाजूच्या वॉचमनची, चायनीजच्या गाड्यांवर राबणाऱ्यांची मुलं महापालिकेच्या शाळेत माझ्या वर्गात असायची. घरं मूळची पश्चिम नेपाळातल्या अछाम, कैलाली, बर्दिया या जिल्ह्यांकडची. 1996 ते 2006 अशी दहा वर्षं तिकडे माओवादी आणि सरकार यांचं युद्ध चाललं. मेलेल्यांचा आकडा मोजणाऱ्यागणिक 13,000 ते 17,000 असा बदलतो. बेपत्ता झालेल्या 1,300 हून अधिक माणसांची नावं रेडक्रॉसच्या यादीत आहेत. 2015 मध्ये नेपाळात युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करायला सत्य आयोग नेमला, त्याच्याकडे 60,000 हून अधिक तक्रारी आल्या. पण तेव्हा जो माणूस इथे अंबडच्या कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी करत होता, त्याचा अर्ज तिकडे कोण भरणार? म्हणून त्याचं म्हणणं इथेच नोंदवून ठेवायचं.

परवानगी एका दमात घेऊ नका, तीन वेगळे प्रश्न विचारा. आवाज रेकॉर्ड करू का? नाव लिहू का? हे कुणी ऐकलेलं चालेल, कुणी नाही? तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. ज्यानं भावाला उचलून नेलं तो आज गावात पुढारी असू शकतो आणि म्हातारी आई अजून त्याच गावात राहत असते. काही जण सांगतात, बायकोला यातलं काही माहीत नाही. तेही वहीत लिहा. 'अमुक भाग कुणाला ऐकवायचा नाही' ही नोंद हकिकतीइतकीच जपायची असते.

"तुम्ही कुठल्या बाजूला होतात?" हे विचारायचंच नाही. माओवादी घरटी एक माणूस मागायचे, शाळेतली पोरंसुद्धा न्यायचे. रात्री ते जेवायला येत आणि दिवसा लष्कर येऊन विचारी, जेवायला का घातलंत? बर्दियात थारू समाजातली माणसं मोठ्या संख्येनं नाहीशी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं 2008 च्या अहवालात तिथल्या 170 बेपत्ता माणसांची प्रकरणं तपासली. त्यातली बहुतेक सरकारी दलांच्या नावावर होती, काही माओवाद्यांच्या. दुसरीकडे, जून 2005 मध्ये चितवनमधल्या माडीत माओवाद्यांच्या सुरुंगानं प्रवाशांनी भरलेली बस उडवली. तेव्हा सांगणारा जे सांगेल ते लिहायचं, मधे हुंकारसुद्धा बेतानं द्यायचा.

सुरुवात जागेपासून करा. कोरा कागद पुढे ठेवा आणि त्याला गावाचा नकाशा काढायला सांगा: घर, पाण्याचा धारा (नळ), शाळा, रस्ता कुठून यायचा. हात कामात असला की बोलणं मोकळं होतं, आणि पुढे "मग ते इकडून आले" म्हणताना बोट नेमकं कागदावर पडतं. तो कागद टाकू नका. त्यावर तारीख घाला, ती पेन्सिलीनं. गावाचं नाव मात्र दोनदा लिहा. 2017 मध्ये तिथल्या जुन्या गाविस, म्हणजे गाव विकास समित्या, बरखास्त होऊन गाउँपालिका आल्या. जिल्हेही 75 चे 77 झाले, रुकुमचे तर दोन तुकडे झाले. जुनं नाव, वॉर्ड आणि नवं नाव असं तिन्ही नसेल, तर उद्या कुणालाही ते गाव सापडायचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. नेपाळी माणूस विक्रम संवतात बोलतो. "अठ्ठावन्न सालच्या फागुनात" हे ऐकून मदतीला आलेली कॉलेजची मुलं बिनधास्त 1958 लिहितात! ते 2058 असतं, म्हणजे फेब्रुवारी-मार्च 2002. अछाम जिल्ह्याचं मुख्यालय मंगलसेन, त्यावर माओवाद्यांनी हल्ला केला तो महिना. वैशाखापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर 57 वजा करा, जानेवारी ते चैत्रअखेर असेल तर 56. त्यांचे महिने सौर आहेत, म्हणून आपलं कालनिर्णय उघडून फाल्गुन जुळवत बसू नका. त्याचे शब्द तसेच ठेवा, शेजारी कंसात इंग्रजी साल घाला. तारीख आठवत नसेल तर खुणा विचारा: काठमांडूच्या राजवाड्यात राजघराण्याचं हत्याकांड झालं (1 जून 2001) त्याच्या आधी की नंतर? आणीबाणी लागली होती का, म्हणजे नोव्हेंबर 2001? दसैं, म्हणजे त्यांचा दसरा, होऊन गेला होता? मका काढला होता?

कागद आणि फोटो घरी आणायचे नाहीत. "उद्या परत देते" म्हणायचंच नाही. त्या घरात तो एकच फोटो असतो. एका बाईंकडे दिराचा पासपोर्ट साइझ फोटो होता, नागरिकतेच्या कागदाबरोबर लॅमिनेट केलेला, आत बुरशीचे पांढरे ठिपके. असं लॅमिनेशन सोलायला गेलात की चेहरा प्लॅस्टिकला चिकटून निघतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, शेजारी पट्टी ठेवून मोबाइलनं काढा. मागची बाजूही काढा, स्टुडिओचा शिक्का असला तर गावाचा माग लागतो.

बाकीचं सोपं. फाइलच्या नावात माणसाचं नाव नको. क्रमांक द्या आणि नावांची वही वेगळ्या कपाटात ठेवा. व्हॉट्सअॅपवरून काही पाठवू नका, फोटोचा दर्जा जातो आणि फिरत कुठे जाईल सांगता येत नाही. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल येते, तेव्हा कागद लोखंडी कपाटात वरच्या खणात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा.

एक प्रत त्या घराची. आणि घरच्यांची इच्छा असेल तरच बेपत्ता माणसाचं नाव रेडक्रॉसच्या यादीत आहे का ते बघा. काठमांडूची इन्सेक ही मानवाधिकार संस्थाही जिल्हावार नोंदी ठेवते. हे सगळं झाल्यावर, कधीतरी वर्षानं, तो माणूस फोन करून म्हणेल, "दिदी, ते पुसून टाका." कारण विचारू नका. तिन्ही प्रती पुसा, आणि वहीत त्या क्रमांकापुढे फक्त तारीख घालून लिहा: सांगणाऱ्याच्या म्हणण्यावरून काढून टाकली.