गंजकी गाडी उघडायच्या आधी (आणि ती खालची भोकं)

मागच्या वेळी जुनी गंजकी गाडी दुरुस्त करताना मी दोन्ही बाजूंचे सिल नवे घातले. सिल म्हणजे दाराच्या उंबऱ्याखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली पोकळ पेटी. वेल्डिंग जमलं होतं, रंगही असा बसला होता की शेजारी त्यात तोंड बघून जात. तिसऱ्या वर्षी खालच्या काठाला वाटाण्याएवढे तीन फुगे दिसले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, ते मुठीपर्यंत आत गेलं, आणि तांबूस गढूळ पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पेटीत पाणी साठलं होतं, कारण ते बाहेर पडायची भोकंच नव्हती. नवा पत्रा आला तेव्हा त्याला दोन होती. ती अंडरकोटखाली, म्हणजे गाडीच्या तळाला मारतात त्या जाड थराखाली, बुजली आणि बाकीची मी पाडलीच नाहीत. दुसऱ्यांदा हेच काम काढताना केलेली ही तयारीची यादी आहे. तिच्यात भोकं वारंवार येतील. कंटाळा आला तरी वाचा.

जागेचं थोडक्यात. गाडीभोवती चारी बाजूंनी हात-दीड हात मोकळं हवं, नाहीतर दार पूर्ण उघडत नाही आणि दार उघडल्याशिवाय सिलचं काम होत नाही. जमीन कोरडी हवी. उजेड वरून नको, बाजूने तिरपा हवा, पत्र्यातला खोलगटपणा तिरप्या उजेडातच दिसतो. हातमोजे, गॉगल, कानात बोळे, अंगभर सुती कपडे, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. एकच सांगतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावणार असाल तर नुसता गॉगल पुरत नाही, त्यावर तोंड झाकणारी ढाल लागते. त्या ब्रशच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात. एक माझ्या शर्टातून आरपार येऊन पोटात रुतली होती.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. स्टँड लावा, हलवून बघा, मग जा.

आता पहिलं खरं काम: काहीही खोलायच्या आधी गाडीखाली झोपा आणि भोकं मोजा. सिलच्या तळाला, प्रत्येक दाराच्या खालच्या काठाला, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात, काउलच्या, म्हणजे समोरच्या काचेखालच्या पन्हाळीसारख्या भागाच्या, दोन्ही कोपऱ्यांत. फरशीत रबरी बुचं असतात तीही मोजा. एक बाजू गंजून गेली असेल तर दुसऱ्या बाजूवरून अंदाज घ्या, बहुतेक गाड्यांत डावं-उजवं सारखंच असतं. प्रत्येक भोकाशेजारी पट्टी धरून फोटो काढा. मग एका मोठ्या कागदावर गाडीचं तळाकडून चित्र काढा, प्रत्येक भोकाला नंबर द्या आणि तो कागद भिंतीवर लावा. फोनमधल्या फोटोंवर विसंबू नका. मीही फोटो काढले होते, पण एकदाही उघडून पाहिले नाहीत. भिंतीवरचा कागद रोज डोळ्यांसमोर राहतो.

भोकं गोलच असतात असंही नाही. काही ठिकाणी दोन पत्र्यांच्या कडा जुळतात तिथे मुद्दाम फट ठेवलेली असते. आपल्याला वाटतं कारखान्यात वेल्ड मारायचा राहिला, आणि आपण तो हौसेने पूर्ण करतो. नका करू. तीही मोजणीत धरा.

खोलकाम. सीट, गालिचे, छताचं अस्तर, काचा, रबरं, वायरिंग सगळं बाहेर. प्रत्येक जोडाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. बॅटरी काढून ठेवा, अल्टरनेटरची वायरही सोडवा. पेट्रोलची टाकी काढून गॅरेजच्या बाहेर न्या, आणि बाहेर म्हणजे बाहेर, कोपऱ्यात नव्हे. रिकामी टाकी निरुपद्रवी वाटते, पण आतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर. गालिच्याखालचा डांबरी थर वेल्डिंगच्या आसपास वीतभर तरी खरवडा, तो पेटतो आणि धूर डोळ्यांत जातो.

मग टोचणी. दाभण किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि निर्दयपणे टोचा. लोहचुंबकही फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, आधीच्या कोणीतरी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरून ठेवलेली आहे. काउलचे कोपरे, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग, चाकांच्या कमानी, दारांचे तळ, समोरच्या खांबांचा पायथा ही नेहमीची ठिकाणं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दोन पत्र्यांमधली कड फुगलेली दिसली की आत काय असेल ते समजून चला. बाहेर रुपयाएवढं दिसलं तर आत ताटलीएवढं निघतं. नवे पत्रे ही टोचणी झाल्यावर मागवा. पत्रा आला की आधी भिंतीवरच्या कागदाशी ताडून बघा. बाजारातल्या पत्र्यांत भोकं कमी असतात, चुकीच्या जागी असतात, कधी नसतातच.

टेकू आणि आडदांडे. ज्या गाडीला वेगळी चासी नाही, तिच्यात सिल हाच कणा. १९६२ ची एमजीबी ही उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या: छत नाही, वेगळी चासी नाही, बराचसा भार सिलवर. तिथे आधाराशिवाय सिल कापला तर गाडी मधोमध वाकते, दाराची चौकट मिटते आणि दार पुन्हा बसत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचे दांडे वेल्ड करा, कर्ण मोजून लिहून ठेवा, गाडी चाकांवर असताना जिथे भार येतो तिथेच टेकवा, एका वेळी एकच बाजू कापा, दार लावून-काढून फट बघत राहा. हे मी मागच्या वेळी विसरलो नव्हतो, म्हणून एवढ्यावर आवरतो. पण हे टाळणाऱ्याची गाडी भंगारातच जाते.

गंज काढणं. सुट्या छोट्या भागांना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून ठेवता येतं. ऋण टोक भागाला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. तिथे स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, तेव्हा हे उघड्यावर करा. फॉस्फोरिक ॲसिडवाली द्रावणं चांगली, पण ती धुऊन, पुसून, वाळवून मगच प्रायमर. ॲसिड राहिलं की प्रायमर पापडासारखा सुटतो. वाळूचा मारा बॉनेट आणि छतावर मारू नका, सपाट पत्रा लाटा खातो. इतरत्र मारलात तर लक्षात ठेवा, वाळू पोकळ्यांत शिरते आणि भोकांपाशीच येऊन बसते. हवा मारून, तार घालून काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ करू नका.

आणि वेल्डिंगआधी पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरायचा नाही. आर्कच्या उष्णतेत त्याचा फॉस्जीन होतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. ॲसिटोन वापरा, आणि तो पूर्ण उडून जाऊ द्या.

वेल्डिंग. निरोगी, चमकदार पत्रा लागेपर्यंत कापा. आपण सगळेच कमी कापतो आणि मग पातळ कडेला भगदाडं पडतात. बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो, त्याला वेल्डिंगची ०.६ मिलिमीटरची तार सोपी जाते. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. सलग वेल्ड ओढायचा नाही, एक टाका इथे, दुसरा पार तिकडे, मधे थांबून पत्रा हाताला सोसेल इतका थंड होऊ द्या. मी घाईत ओढला आणि दारावर ताटलीएवढा पोचा आला. जस्त चढवलेला पत्रा असेल तर जोडापासचं जस्त घासून काढा, त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. शेजारी आग विझवायचं नळकांडं, पाण्याची बादली, आणि काम संपल्यावर तासभर तिथेच बसा. ठिणगी लगेच पेटत नाही.

सिलचा बाहेरचा पत्रा बसवायच्या आधी थांबा. इथेच माझं चुकलं होतं. पेटी बंद व्हायच्या आधी आतल्या बाजूला प्रायमर लावा, भिंतीवरचा कागद घ्या, नंबर वाचा आणि भोकं पाडा. कडांचा खरखरीतपणा घासा, कडेला प्रायमर लावा. आत मधला पडदा असेल तर त्याच्याही तळाला वाट आहे का बघा. नसेल तर पाणी पडद्याच्या एकाच बाजूने निघून जातं आणि दुसरी बाजू सडत राहते. आता मोजा. मग बंद करा.

पुढचं भराभर. उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी. लांबीची जाडी ३ मिलिमीटरच्या वर गेली तर पत्रा अजून ठोका. लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची, ८० चा पेपर, मग १८०, मग ३२०. जोडांवर सीम सीलर, म्हणजे सांधे बुजवायचा लेप, लावा, पण मी सांगितलेल्या त्या फटी सोडून. रंगाआधी दारं, बंपर, दिवे सगळं एकदा बसवून बघा. हार्डनरवाला रंग मारणार असाल तर त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साध्या मास्कवर विसंबू नका, बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर रंगाचं काम बाहेर द्या, त्यात कमीपणा नाही.

प्रायमर, रंग, अंडरकोट, तिन्हींच्या आधी भोकांत फोमच्या खुंट्या. नंबर घातलेल्या. चौदा घातल्या तर चौदा काढायच्या. तेरा निघाल्या तर चौदावी शोधल्याशिवाय जेवायचं नाही.

रंग पक्का झाल्यावर पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आतून गंज रोखणारं मेण, लांब नळीने, टोकापासून मागे ओढत. वॅक्सही भोकं बुजवतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकात तार घालून फिरवा.

शेवटी दाराच्या काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओता, काउलमध्ये ओता, आणि खाली झोपून बघा कुठून येतं. सिलमध्ये मात्र पाणी ओतू नका, तिथे आत्ताच वॅक्स भरलंय, तारेनेच तपासा. माझ्या या वेळच्या गाडीत मागच्या डाव्या दाराचं एक भोक गळेना. नंबर अकरा. खुंटी आतच होती.