पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवा
मालवणात आमच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो; हिशेबाचा कॉम्प्युटर त्याच घरात. पूर्वी सगळ्यांना एकच पासवर्ड सांगायचो, ते चुकीचंच होतं. आता राउटरच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू केलंय. त्यात घरच्या नेटवर्कची परवानगी बंद ठेवा, म्हणजे पाहुण्यांना फक्त इंटरनेट मिळतं. राउटरचा ॲडमिन पासवर्ड, म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचा, पहिल्याच दिवशी बदला. वायफायचा वेगळा, हा वेगळा. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार निवडताना डब्ल्यूपीए३ (नवा) घ्या, जुन्या फोनला जमत नसेल तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी हा जुना, कच्चा प्रकार नकोच.

पावसात लाइन गेली की मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. तेव्हा विंडोज ११ मध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणारी सोय) चालू करा, नाहीतर अपडेटच दिवसाचा डेटा खातात.