मुलाला ऑनलाइन धमकी आली, तर पालकांनी या चुका टाळाव्यात

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला इन्स्टाग्रामवर एखाद्या अनोळखी मुलीच्या नावाने फॉलो रिक्वेस्ट येते, गप्पा वाढतात, संभाषण व्हॉट्सॲपवर जाते, व्हिडिओ कॉलवर त्याचे नको त्या अवस्थेतले चित्रण केले जाते आणि पाठोपाठ 'पैसे पाठव, नाहीतर हे तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवतो' असा मेसेज येऊन थडकतो. मुलाचे कुठे चुकले याची चर्चा सवडीने करता येते. सुरुवातीच्या तासाभरात घरच्यांकडून होणाऱ्या चुका मात्र पुढे निस्तरणे कठीण जाते.

सर्वांत महागात पडते ते लाजेपोटी किंवा रागाच्या भरात चॅट पुसून टाकणे, अकाउंट बंद करणे किंवा फोन रीसेट करणे, कारण त्याबरोबर पुरावाही जातो. समोरच्याला ब्लॉक करण्याआधी धमकीचे मेसेज, त्यांची तारीख-वेळ, फोन नंबर आणि पैसे मागितलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. प्रोफाइलवर दिसणारे नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, म्हणून युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेवावी. आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील, तर हे काम उद्यावर टाकता येत नाही.

'एकदाचे देऊन टाकू आणि विषय मिटवू' हा विचार समजण्यासारखा असला, तरी पैसे देणारे घर सापडले की मागणी वाढतच जाते. पैसे गेलेच असतील, तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवून लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळवले, तरच ती गोठवली जाण्याची शक्यता राहते.

मुलाचा तो फोटो किंवा व्हिडिओ सल्ल्यासाठी काका-मामांना वा शाळेतल्या शिक्षकांना फॉरवर्ड करणे ही तर घोडचूकच आहे. मुलांचे लैंगिक स्वरूपाचे चित्रण पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा आहे. असे चित्र पसरू नये यासाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. ती मूळ फोटो मागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो. व्हॉट्सॲपसारख्या एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता न येणाऱ्या मेसेजवर मात्र तिचा उपयोग होत नाही.

बदनामीच्या भीतीने पुष्कळ घरे तक्रारच करत नाहीत. वास्तविक मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे, त्यात मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे आणि मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या पोलिसाने घ्यावा अशी तरतूद आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. मूल खचलेले असेल, तर 1098 ही बालसाहाय्यवाणी आहे.

फोन हिसकावून घेण्याची शिक्षा मला तरी निरुपयोगी वाटते. पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही. त्यापेक्षा अकाउंटवरची जन्मतारीख तपासावी, कारण ते उघडताना अनेकदा खोटे साल टाकलेले असते आणि कित्येकदा ते पालकांनीच टाकून दिलेले असते. खरे वय नोंदवलेले असेल, तर इन्स्टाग्रामचे टीन अकाउंट (किशोरवयीनांसाठीचे खाते) आपोआप खासगी राहते आणि ज्याची रिक्वेस्ट स्वीकारलेली नाही, अशा माणसाला धमकी देण्यासाठी लागणारी फॉलोअर्सची यादी दिसतच नाही.