पणजोबांचं पदक घासायच्या आधी

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं आमच्या खानापूरकडं ट्रंकेत पहिल्या महायुद्धाचं पदक निघालं तर नवल नाही. आधी चिंच आणि राख लांब ठेवा. (आमच्या आज्जीला हे काही केल्या पटायचं नाही.) घासलं की अक्षरं बुजतात.

नाव कडेवर असतं. पदक उभं धरा, टॉर्चचा उजेड तिरका सोडा, भिंगातून नंबर, हुद्दा, नाव, पलटण वाचा. नावाची मोडतोड झालेली असू शकते, म्हणून नंबर आधी उतरवा. आमच्या पदकावर ११० वी मराठा निघाली. ही पलटण १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूतच्या वेढ्यात अडकली होती.

एका बाजूला राजा, दुसरीकडं घोडेस्वार, धातू चांदी, तर ते ब्रिटिश वॉर मेडल. तेच काशाचं असेल तर माणूस बहुधा मजूर तुकडीतला. तेही तितकंच जपा. गावोगावच्या युद्धस्मारक पाट्यांवर बऱ्याचदा ‘इतके गेले, इतके मेले’ एवढाच आकडा असतो. नाव सांगायला ही कडच उरते.

सराफ फक्त वजन करेल, त्याच्याकडं नेऊ नका. कोरड्या सुती कापडात, रिबिनीसकट गुंडाळा.