दोन सायकली, दोन बोटी, एक यादी

मुंबईत मित्रासोबत सायकलवर एक अख्खा दिवस घालवायचा असेल, तर मी डोळे झाकून एकच वाट सुचवेन: वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी, गोराई, उत्तन आणि भाईंदर. सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू, तिन्हींवर सायकलला मज्जाव आहे. या वाटेवर मात्र दोन ठिकाणी, वर्सोवा ते मढ आणि मार्वे ते मनोरी, सायकल बोटीत चढवून पलीकडे जाता येतं. मढच्या धक्क्यापासून भाईंदरपर्यंत तीसेक किलोमीटर होतात.

बोटी आल्या म्हणजे भरती-ओहोटी आली, तेव्हा तयारीत सगळ्यात आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पक्ष कुठलाही असो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा ढोबळ हिशोब आहे, म्हणून आदल्या दिवशी भरतीचं वेळापत्रकही पाहून घ्यावं. आपल्याला एकादशी-द्वादशी सोयीची. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे साडेसातला वर्सोव्याला आणि दहाच्या आसपास मार्व्याला, दोन्हीकडे खाडीत पुरेसं पाणी. ओहोटीला धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि खांद्यावर सायकल घेऊन त्या चढणं धोक्याचं. पावसाळ्यात वर्सोव्याची बोट बंद असते. डिसेंबर-जानेवारी उत्तम. फक्त जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आगेमागे उगवतो, तेव्हा घरून निघताना पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दोघांकडेही हवा. भेटायचं सात बंगल्याला, तिथून धक्का जवळ.

आता सायकली. दोघांची यादी एकत्र बसून करा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण सायकली सहसा एका जातीच्या नसतात. माझी गिअरची, मित्राची जुनी काळी, दांड्यांच्या ब्रेकची. त्याच्या टायरची ट्यूब कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळते, माझी मिळेलच असं नाही. म्हणून माझ्या मापाची एक ट्यूब जादा घ्यायची आणि त्याच्यासाठी ठिगळं, सोल्यूशन, पॉलिश पेपर आणि वॉल्व्हची रबरी नळी. त्याचं मागचं चाक सोडवायची गरज पडत नाही, टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढली की जागेवरच ठिगळ लागतं. चाकाच्या नटांना बसणारा पाना तरीही असू द्या. माझ्या सायकलला अ‍ॅलन की लागतात. तिचा वॉल्व्ह बारीक प्रेस्टा असल्यामुळे रस्त्यावरचा पंप तिला बसत नाही. त्यासाठी एवढासा पितळी अ‍ॅडाप्टर मिळतो, तो चावीच्या जुडग्यात अडकवून टाकावा. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. ब्रेकचे रबर दोघांचेही बघा. गोराई ते उत्तन चढ-उतार आहेत, आणि दांड्यांचा ब्रेक उतारावर उशिरा धरतो.

दुरुस्तीचं सामान मात्र दोन ठिकाणी विभागू नका, असं मी म्हणतो. हवेचा पंप एकाकडे आणि ठिगळं दुसऱ्याकडे ठेवली आणि एक जण पुढे निघून गेला, तर दोन्ही निरुपयोगी. दुरुस्तीचं सगळं एका पिशवीत, ती मागे राहणाऱ्याच्या कॅरिअरवर. पुढे कोण, मागे कोण, हेही आधीच ठरवा. सावकाश चालवणारा पुढे, म्हणजे वेग त्याचा राहतो आणि कोणी एकटं पडत नाही. फोन नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी दोघांच्याही खिशात असावी. 112 आणि 108 हे आकडे सगळ्यांना पाठ असायला हवेत.

पाणी प्रत्येकी दोन बाटल्या. शिवाय एका बाटलीत लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा छोटाच, चहाचा. खायला केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि आईने दिल्या तर दशम्या. एकादशी असेल आणि उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी डब्यात घ्या, पण रिकाम्या पोटी सायकल चालवू नका. बोटीसाठी सुटे पैसे लागतात, सायकलचे वेगळे.

वाटेत थांबायच्या जागा आधी ठरवलेल्या बऱ्या. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही, तो बाहेरूनच बघायचा. अक्सा बीचला पाण्यात अजिबात उतरायचं नाही, तिथे माणसं बुडाली आहेत. वाळूतही सायकल घालू नका, साखळीत वाळू गेली की दिवसभर करकरते. गोराई-उत्तनला बोंबील वाळत घातलेले दिसतील, तिथे कोळणींना विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत.

आणि यादीत एक मोकळा तास लिहून ठेवा, उत्तनजवळच्या चौक गावासाठी. तिथल्या धारावी किल्ल्याच्या परिसरातून वसईची खाडी दिसते आणि पलीकडे वसई. मढचा किल्ला आणि हा, दोन्ही मराठ्यांनी 1739 साली घेतले, वसईच्या मोहिमेत. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिथे बसलो तेव्हा मित्र त्या मोहिमेबद्दल बोलत सुटला. शाळेत एका बाकावर बसूनही हे त्याचं वेड मला माहीत नव्हतं. मग त्याच्या वडिलांचा विषय निघाला, ते गेल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. आम्हाला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तो दिवस मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून त्या तासाबद्दल मी हट्टाने सांगतो. दुसरा कुठलाही थांबा गाळा, हा गाळू नका.

परतीचा रस्ताही निघण्याआधी पक्का करा. पाय बोलायला लागले तर उत्तनपर्यंत न जाता गोराईच्या खाडीवरून बोरिवलीची बोट धरता येते. ज्याला थकवा आला त्याने तसं स्पष्ट सांगायचं आणि दुसऱ्याने वाद न घालता वळायचं, एवढा करार आदल्या रात्री फोनवर करून टाका. घरी पोचल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवायची, फडक्याने कोरडी करायची आणि साखळीला तेल द्यायचं. खाऱ्या वाऱ्याने दोन-चार दिवसांत गंज धरतो, तेव्हा हे काम रविवारवर ढकलू नका.