अमेरिकेत राउटिंग नंबर भरताना या चुका टाळा

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला नवीन आलेल्यांना पगाराचं डायरेक्ट डिपॉझिट, भाड्याचा ऑटोपे, टॅक्सचा रिफंड असं काहीही सेट करायचं म्हटलं की फॉर्ममध्ये राउटिंग नंबर विचारतात, आणि बरेच जण घाईत तिथे काहीतरी भरून मोकळे होतात. नका करू असं, कारण पैसे अडकले की सोडवायला फार धावपळ होते.

हा बँकेची ओळख सांगणारा ९ आकडी नंबर असतो, अमेरिकन बँकर्स असोसिएशनने १९१० मध्ये सुरू केलेला, म्हणून काही फॉर्मवर एबीए नंबर असंही लिहिलेलं असतं. आपल्या आयएफएससीसारखाच पण ब्रँचचा नाही. आयएफएससीत ११ अक्षरं असतात आणि शेवटच्या ६ वरून शाखा कळते, तसं इथे शाखेवरून काही शोधू नका. आणि हो, भारतातल्या चेकवरचा एमआयसीआर कोडही ९ आकडीच असतो, तो इथे चालत नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे गुगलवर बँकेचं नाव टाकायचं आणि पहिला दिसेल तो नंबर उचलायचा. मोठ्या बँकांचे राउटिंग नंबर एकापेक्षा जास्त असतात, बऱ्याचदा खातं कुठल्या राज्यात उघडलं त्यावर ठरतात, म्हणजे न्यू जर्सीत खातं उघडून नंतर टेक्सासला शिफ्ट झालात तरी त्या खात्याचा नंबर सहसा जुनाच राहतो. त्यात परत एसीएच, म्हणजे पगार-बिलं वगैरेचे नेहमीचे बँक-टू-बँक व्यवहार, याला एक नंबर आणि वायरला, म्हणजे थेट बँकेतून एकरकमी पैसे पाठवायच्या ट्रान्सफरला, वेगळा, असंही बऱ्याच बँकांत असतं. त्यामुळे बँकेच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करा, तुमचंच खातं उघडा आणि अकाउंट डिटेल्समध्ये दिसतो तो घ्या. वायर असेल तर बँकेला तसं स्पष्ट विचारा.

चेकबुक असेल तर चेकच्या तळाच्या ओळीत बघा. पर्सनल चेकवर साधारण डावीकडचे पहिले ९ आकडे राउटिंगचे, मग खाते क्रमांक, मग चेक नंबर, पण बिझनेस चेकवर चेक नंबर आधी येऊ शकतो. म्हणून क्रम बघू नका, खूण बघा: उभी रेघ आणि शेजारी दोन ठिपके असं चिन्ह राउटिंग नंबरच्या दोन्ही बाजूंना असतं. डिपॉझिट स्लिपवरून मात्र नंबर घेऊ नका, तिथे बँकेचा अंतर्गत नंबर छापलेला असू शकतो, आयआरएस, म्हणजे अमेरिकेचा टॅक्स विभाग, सुद्धा हेच सांगतो. खाते क्रमांकाच्या जागी डेबिट कार्डचा नंबर टाकणारेही आहेत, ते दोन पूर्ण वेगळे.

एक्सेलमध्ये ठेवत असाल तर सुरुवातीचं शून्य गायब होतं, ९ चे ८ आकडे होतात, म्हणून तो कॉलम टेक्स्ट करून ठेवा. टायपिंगची चूक पकडायला एक सोपा हिशोब आहे: पहिला, चौथा, सातवा आकडा यांची बेरीज गुणिले ३, दुसरा, पाचवा, आठवा यांची गुणिले ७, उरलेल्या तिघांची गुणिले १, सगळं मिळवून १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. चेस बँकेचा ०२१००००२१ घ्या, ० अधिक २८ अधिक २, म्हणजे ३०, बरोबर. पण यातून फक्त नंबर नीट टाइप झालाय एवढंच कळतं, तो तुमच्या खात्याचा आहे की नाही ते नाही.

भारतातून आईबाबा पैसे पाठवणार असतील तर त्यांना नुसता राउटिंग नंबर देऊन भागत नाही, त्यांची बँक स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड, मागेल, ८ किंवा ११ अक्षरांचा. अमेरिकेत आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक, नसतो, तो रकाना बघून गोंधळू नका. छोट्या बँका आणि क्रेडिट युनियनकडे (सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थांकडे) बरेचदा स्वतःचा स्विफ्ट नसतो, मग मधल्या बँकेचे डिटेल्स लागतात, ते आपल्या बँकेकडून लेखी मागून घ्या.

पैसे आलेच नाहीत तर? एचआर किंवा पाठवणाऱ्याकडे रिटर्न कोड, म्हणजे पैसे परत का गेले ते सांगणारा कोड, मागा. आर०३ किंवा आर०४ आला तर खाते क्रमांक तपासा, आर१३ म्हणजे राउटिंग नंबरच चुकलाय. दुसऱ्याच्याच खात्यात गेले असतील तर थांबूच नका, कारण एसीएचमध्ये नाव जुळतंय का हे बँक बघेलच असं नाही, आणि चुकीची एंट्री उलटवायला पाठवणाऱ्याला फक्त ५ बँकिंग दिवस मिळतात. वायर असेल तर त्याच क्षणी बँकेला फोन लावा, फोन नंबर कार्डच्या मागचाच घ्या, सर्चमध्ये आलेला नको.